अर्धं आख्यान

“तूच का ती पूतनामावशी?” असं अनुष्कानं विचारलं तेव्हा लतिका पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ग्लासातलं पाणी हिंदकळून तिच्या मनगटावर सांडलं, तेवढंच काय ते घडलं. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. पंखा फिरत होता. बोळिंजच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या अगदी कडेला, जणू मधली जागा दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलीय अशी, अर्नाळ्याहून आलेली ती बाई बसली होती. आणि तिच्या मांडीवर लतिकाचा धाकटा, संग्राम, होता. आठ महिन्यांचा झाला तरी सख्ख्या काकाकडे जाताना भोकाड पसरणारा संग्राम त्या बाईच्या गळ्यातला क्रूस मुठीत धरून निवांत चोखत होता. लतिकानं त्याला दिला नव्हता. बाई चपला काढून आत आली, हातपाय धुवायला पाणी कुठं म्हणून विचारलं, धुऊन पदराला हात पुसले, आणि यानं आपणहून तिच्याकडे झेप घेतली. बाळाला सांभाळायला म्हणून आतापर्यंत येऊन गेलेल्या बायांत एकीचं लक्ष सगळा वेळ फोनमध्ये होतं, एकीनं आधी घरात कॅमेरा आहे का ते बघून घेतलं होतं, आणि एक चांगली शिकलेली, कोर्स केलेली मुलगी त्याच्या रडण्यानं स्वतःच रडवेली होऊन निघून गेली होती. तेव्हा लतिकानं नवऱ्याला, जयवंतला, सांगून टाकलं होतं, की आता मी काही विचारणार नाही, पाहणार नाही; ज्या बाईकडे हा न रडता जाईल ती ठेवायची. आणि आता तो गेला होता. मागं वळूनही न बघता गेला होता. ज्याच्यासाठी इतके दिवस देवाला साकडं घातलं, ते समोर घडत होतं, आणि लतिका ते दारातूनच बघत होती.

शब्द अनुष्काचा नव्हता. सहा वर्षांच्या पोरीला तो कुठून येणार. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन रोज संध्याकाळी यायचा. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या येऊन राहू शकत नव्हत्या, आणि येता येत नाही याची सगळी चिडचिड त्या अजून न आलेल्या बाईवर काढायच्या. “बघ गं बाई, पोराच्या गोऱ्या रंगाला भुलून कुठली पूतनामावशी येऊन बसेल घरात. वरून माया, आतून काय ते देव जाणे.” फोन स्पीकरवर असायचा, लतिकाचे हात पिठात असायचे, आणि अनुष्का ओट्याखाली बसून डबे रचत सगळं ऐकायची. पोरीनं त्यातून आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता, की आपल्या घरी एक पूतनामावशी येणार आहे. ती आता आली होती.

बाई हसली. पुढच्या एका दाताच्या जागी फट होती, त्यामुळे हसू थोडं लहान मुलासारखं दिसायचं. “काय बोलली पोर? काय नाव?” तिनं लतिकाकडे बघून विचारलं. “पूतनामावशी,” अनुष्कानं परत सांगितलं, स्पष्ट, शाळेत कविता म्हणतात तसं. बाईनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. “बरा नाव हाय. माजा बाप्तिस्म्याचा नाव मारिया, घरात समदे मालू बोलतान. पन ह्यो बी बरा हाय. कोन ती, बाय?”

कोण ती. लतिका हे त्या क्षणी सांगू शकली असती. पोरीच्या पाठीत एक धपाटा घालून, काही नाही हो, कार्टी आहे नुसती, असं म्हणून विषय बदलता आला असता. पण तिनं ग्लास टीपॉयवर ठेवला, आणि तिच्या तोंडून निघालं, “आमच्या कृष्णाच्या गोष्टीतली आहे. कृष्ण तान्हा होता, तेव्हा त्याला दूध पाजायला आली होती.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. मालूनं मान डोलावली, संग्रामच्या टाळूवरून हात फिरवला, आणि म्हणाली, “मंजे दूधआईच झाली.” लतिका हो म्हणाली. हो म्हणताना तिला वडिलांची आठवण झाली, आणि ती त्या वेळी का यावी हे तिला कळलं नाही असं नाही, तिनं कळून घेतलं नाही.

वडील कीर्तन करायचे. दिवसा तालुक्याच्या शाळेत मास्तर, आणि चैत्र-श्रावणात, कुणी बोलावलं की, पांढरं उपरणं, कपाळाला बुक्का, हातात झांज. पोटापुरती नोकरी, जिवापुरतं कीर्तन, असं ते म्हणायचे. पूतनेचं आख्यान त्यांचं खास. ते सुरू व्हायच्या आधी ते श्रोत्यांना दटावत, की बायांनो, आज मध्येच उठायचं नाही. पूतना मेली की निम्म्या जणी चूल आठवून उठतात, आणि विष तेवढं पदरात बांधून घरी नेतात, दूध इथंच राहतं. मग बायका खुदखुदायच्या आणि खरंच कुणी उठायचं नाही. आख्यानात पूतना नटूनथटून यायची, स्तनाला विष लावून यायची, बाळ तिचे प्राणच ओढून घ्यायचं, ती आडवी पडून झाडं मोडायची, आणि पेटीवाला भाता ओढून असा आवाज काढायचा की लहानगी लतिका आईच्या कुशीत तोंड लपवायची. पण वडील तिथं थांबत नसत. आवाज उतरवत ते विचारायचे, की मंडळी, गोकुळातल्यांनी तिला जाळलं तेव्हा धूर कसा आला? चंदनाचा आला. का आला? आणि मग स्वतः रचलेली ओळ घ्यायचे, अगदी संथ, झांज नुसती लागेल न लागेल अशी:

विष तिचे तिला गेले। दूध देवाने घेतले।
मारावया आली तिला। आई म्हणोनी तारिले।

त्या ओळीला वडिलांचा गळा दर वेळी भरून यायचा. लतिका मोठी झाली, कॉलेजला गेली, तेव्हा तिला वाटायचं की ठरावीक जागी गळा भरून येणं हीही एक कलाच असावी. वडील वारले त्या दिवशी मात्र तिला ती ओळ आठवेना. आठवली ती नंतर कधीतरी, भांडी घासताना, आणि तेव्हापासून ती तशीच आत पडून आहे, कुणाला न म्हणून दाखवता. गळा नाही तिला. वडीलच म्हणायचे, देवानं या पोरीला कान दिले आणि गळा द्यायचा विसरला.

मालू सोमवारपासून येऊ लागली. सकाळी अर्नाळ्याहून सहा आसनी रिक्षानं यायची आणि लतिकाची कंपनीची बस यायच्या आत दारात हजर असायची. लतिका वालीवला, औषधाच्या बाटल्यांना बुचं बनवणाऱ्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात होती. दिवसभर बुचं हातात घेऊन, कुठं तडा नाही ना, कुठं गळत नाही ना, ते बघायचं. पहिल्या दिवशी बसमध्ये बसल्यावर तिनं घरी फोन केला, तर पलीकडून रडणं नाही, काही नाही, नुसता संग्रामचा हुंकार आणि मालूचं काहीतरी लांबट गुणगुणणं. चर्चमधलं असावं, किंवा होडीवरचं. फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. तिनं पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. छाती दुधानं भरून ठणकत होती आणि कारखान्यात दूध काढून ठेवायला जागा नव्हती. दुपारी शौचालयाच्या बेसिनमध्ये तिनं ते पिळून टाकलं आणि नळ सोडून दिला. पंधरवड्यात ते आटलं. संग्राम बाटलीवर आला. बाटली मालूच्या हातची.

तसं बोट ठेवायला जागा नव्हती. घर आरशासारखं. बाटल्या उकळून पालथ्या मांडलेल्या. मालू दमून बसायची ती संग्रामला पायांवर आडवा घेऊनच. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि त्याखाली कुठंतरी खूप खोल, कितीही धुतलं तरी न जाणारा, सुक्या बोंबलाचा वास होता, आणि लतिका घरी येऊन पोराला छातीशी घ्यायची तेव्हा त्याच्या मानेच्या वळीत तिला तोच वास लागायचा. ती त्याला लगेच पुसून काढायची, पावडर लावायची. मालू निघताना हे बघायची आणि चपला घालायची. तिचा एक नातू होता, एल्रॉय. मर्विनचा, तिच्या लेकाचा. जन्मल्यापासून चार वर्षांचा होईतो मालूनंच वाढवला, आणि मग मर्विन बायकोपोराला घेऊन कुवेतला गेला. आता व्हिडिओ कॉलवर एल्रॉय दिसतो, पण तिला बघून लाजतो, आईच्या मागं लपतो. हे मालूनं कसलीही कुरकुर न करता सांगितलं होतं, भरती-ओहोटीचं सांगावं तसं. “पोरांचा काय, बाय. पानी जसा. ज्या भांड्यान ओतला त्याचा झाला.”

आणि अनुष्का तिला हाक मारायची, पूतनामावशी. जिन्यातून, बाथरूममधून, गॅलरीतून, दिवसातून कितीदा तरी. मालू ओ द्यायची. जयवंतनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दचकला आणि मग हसला. रात्री म्हणाला, “अगं, तिला माहितीये का ही पूतना कोण ते?” लतिका म्हणाली, सांगेन सावकाश. तो म्हणाला, लवकर सांग, बिल्डिंगमध्ये लोक हसतात. लतिकानं कूस बदलली. सांगायला काय लागत होतं? पोरीला दटावून हाक बदलायला काय लागत होतं? नुसतं मावशी म्हण, की झालं. कितीदा तिनं तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं तर, आणि हे ती स्वतःशीही अर्धवटच बोलायची, संध्याकाळी दार उघडल्यावर संग्राम मालूच्या खांद्यावरून तिच्याकडे यायला क्षणभर का कू करायचा, तोंड वळवायचा, आणि तेवढ्यात आतून अनुष्काची हाक यायची, पूतनामावशी, माझी वेणी सोड ना. ती हाक ऐकली की लतिकाच्या आतलं काहीतरी शांत व्हायचं. जखमेवर फुंकर घालावी तसं. तो शब्द आपण बोलत नव्हतो, पोर बोलत होती. आपण फक्त बोलू देत होतो. तपासणीच्या टेबलावर तडा गेलेलं बूच दिसूनही ते पुढं जाऊ द्यावं, तसं.

गोकुळाष्टमीला कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये कीर्तन ठेवलं. जन्म खरा मध्यरात्रीचा, पण लोकांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, म्हणून कमिटीनं कृष्णाला संध्याकाळीच जन्माला घालायचं ठरवलं होतं. लतिकानं मालूला थांबायचा आग्रह केला. संग्रामला मोरपीस बांधलं होतं, आणि मालूच्याच मांडीवर तो मोरपीस टिकू देत होता. मालू ठेवणीतली साडी नेसली होती, जरीच्या काठाची, नाताळला नेसतात तशी. पाळणा झाला. सुंठवडा वाटला. मालूनं तो दोन्ही हातांत घेतला, आणि आधी कपाळाशी, मग छातीशी अशी आपल्या रीतीची खूण करून खाल्ला. शेजारच्या हेतलबेननं कौतुकानं लतिकाला कोपरानं ढोसलं. सगळं छान चाललं होतं. मग बुवा म्हणाले, बाळगोपाळांची गर्दी आहे, तर बाळगोपाळांच्या आवडीचं आख्यान घेऊ, आणि पेटीवाल्याला त्यांनी सूर दिला. त्या सुराबरोबर लतिकाला कळलं, आता पूतना येणार. वडिलांची पेटी याच पट्टीत लागायची. ती मालूच्या दोन रांगा मागं, भिंतीला टेकून बसली होती. पुढं जाऊन तिला उठवता आलं असतं, बाळाला झोप आलीय, चला घरी, एवढंच म्हणायचं होतं. ती उठली नाही. आख्यानातून उठायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं होतं, की पाय जमिनीतून निघेनात. आणि तिनं स्वतःला समजावलं, की बुवा शेवटपर्यंत नेतील. चंदनापर्यंत नेतील. मग सगळं आपोआप नीट होईल, मला काही सांगावंच लागणार नाही.

बुवांनी कंस रंगवला. मग ते पुढं वाकून, कानाला हात लावून, मुलांना म्हणाले, कंसानं धाडलेली ती कोण आली बरं गोकुळात? मुलं एका दमात ओरडली, पूतनामावशी. आणि त्या आवाजाच्या वर अनुष्काचा आवाज आला, आनंदानं फुटलेला: “आमची! आमची पूतनामावशी इथं बसलीये!” माणसं वळली. हसू पिकलं. मालूही हसली, भर सभेत आपलं नाव निघालं म्हणून लाजून, पदर तोंडाशी धरून, ती दाताची फट दाखवत. बुवांनीही हसून तिच्याकडे बघून हात जोडले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. आणि आख्यान पुढं गेलं. राक्षसीनं सुंदर रूप घेतलं. दारोदार तान्ही बाळं शोधत निघाली. वरून माया, आतून विष. बुवांनी विष या शब्दावर तान घेतली, लांब, आणि ती संपेपर्यंत लतिका मालूची पाठ बघत राहिली. पाठीवरची जरीची किनार आधी श्वासाबरोबर हलत होती. मग हलेनाशी झाली. पुढं मागं हसण्याची थोडी खुसखुस अजून बाकी होती, कुणीतरी “ए, हळू” म्हणालं, आणि नेमका त्याच वेळी संग्राम भुकेनं रडायला लागला. मालूच्या पिशवीत बाटली होती. तिनं ती काढली, झाकण उघडलं. बुवा सांगत होते, पूतनेनं बाळाला मांडीवर घेतलं. मालूचा हात हवेत थांबला. हॉलमधली अर्धी माणसं तिच्याकडे बघत होती, वाईट मनानं नव्हे, लहान मुलं बघतात तशी. ती उठली. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मागं आली, संग्रामला लतिकाच्या मांडीवर ठेवलं, बाटली तिच्या हातात दिली, आणि डोळ्यांकडे न बघता म्हणाली, “घ्या, बाय. तुमचा पोर.” मग दारातल्या चपलांच्या ढिगात वाकून आपल्या शोधत राहिली. सापडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात पूतना मेली.

ती गेल्यावर बुवांनी आवाज उतरवला आणि विचारलं, मंडळी, धूर कसा आला? लतिका मांडीवर रडतं पोर घेऊन बसली होती. चंदनाचा वास, आईची गती, देवाच्या करुणेला तळ नाही, सगळं आलं, एकही जागा बुवांनी गाळली नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत होती. ज्या एका माणसानं ते ऐकायला हवं होतं, ते आगाशीच्या रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभं असणार. मीही तिला अर्धंच सांगितलं होतं, आणि तीही अर्धंच घेऊन गेली, असं लतिकाच्या मनात आलं. आणि दोन्ही अर्धी जोडायची म्हटली तर सांधा कुठं बसेल, हे तिला दिसेना.

ती येणार नाही असं लतिकानं धरून ठेवलं होतं. पण सकाळी बेल वाजली. मालूनं चपला काढल्या, हातपाय धुतले, पदराला हात पुसले. अनुष्का शाळेच्या गणवेशात समोर आली, हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि आईकडे बघून मिटलं. लतिकानं ओट्यापाशी जाऊन बोलायला सुरुवात केली. रात्रभर जुळवलेलं होतं, की तुम्ही उठून गेलात, पुढं खूप सुंदर आहे हो, देवानं तिला आईची जागा दिली, यशोदेला दिली तीच. वडील म्हणायचे तसं म्हणायला गेली, तर शब्द कारखान्यातल्या बुचांसारखे एकेक करून खाली पडले, कोरडे, टक टक करत. मालू शेवटपर्यंत ऐकून घेत होती. बाटली उकळत ठेवलेल्या पातेल्याकडे बघत होती.

“पन मेली ना ती?” तिनं विचारलं.

“मेली. पण…”

“पोराला पाजताना मेली.”

“हो.”

मालूनं मान हलवली. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “मी फादरला विचारला काल. ते बोलले, त्यांची गोष्ट हाय, वाईट नको घेव. नाय घेत मी. माज्या बापाची शपथ, नाय घेतला.” तिनं चिमट्यानं बाटली पातेल्यातून काढली, पुसली, आणि हातात न देता ओट्यावर ठेवली. “कपडे करीन, लादी करीन, पोराला न्हाऊ घालीन, झोपवीन. दूध तेवढा तुमी पाजून जात जा, बाय. आनि दुपारचा शेजारच्या हेतलबेनला सांगा. माज्या हातून नको.”

मग ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत गेली.

लतिकानं दूध भरलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि खुर्चीत बसून संग्रामला मांडीवर घेतलं. खाली कंपनीची बस कधीही आली असती. तिनं बाटली त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं. तिनं परत लावली. तो रडला नाही, नुसती मान लांब करून गॅलरीच्या दाराकडे बघत राहिला, जिथून ओले कपडे झटकल्याचा आणि चिमटे लावल्याचा आवाज येत होता. त्याच्या मानेच्या वळीत आज फक्त पावडरीचा वास होता. लतिकानं त्याला हलवलं, थोपटलं. मग, तिनं असं कधी केलं नव्हतं, नवऱ्यासमोर नाही, देवासमोर नाही, तिनं ती ओळ म्हणायला घेतली. विष तिचे तिला गेले. सूर पहिल्याच शब्दाला घसरला. दूध देवाने घेतले. ती थांबली नाही, मुद्दाम थोडं मोठ्यानं म्हणत राहिली, गॅलरीपर्यंत जाईल इतक्या. आई म्हणोनी तारिले.

गॅलरीतला आवाज थांबला. दोरीवर अर्धवट टाकलेल्या चादरीमागं मालूची सावली तशीच उभी राहिली. लतिकाची ओळ संपली, आणि पुढची तिला येत नव्हती. वडिलांनीही पुढं रचली नव्हती. खाली बसचा हॉर्न वाजला.

मग चादर ओढून नीट केल्याचा आवाज आला, आणि चिमटे पुन्हा एकेक करून लागू लागले.